आधी आठवडे मोजता आले पाहिजेत

प्रश्न: माझ्या मुलीची बारावी सायन्स झाली, बी ग्रुप. नीटमध्ये यंदा एमबीबीएसपुरते मार्क नाहीत. माझ्या बहिणीचं बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, बरेच दिवस काचेत होतं. आता ते सहा महिन्यांचं आहे आणि त्याला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. मुलगी मावशीबरोबर जाते आणि घरी येऊन म्हणते, मला बाळांच्या मेंदूवर संशोधन करायचंय, त्यासाठी फिजिओथेरपीला जाते. घरचे म्हणतात, मालिश करायला एवढं शिकायचं? नीट परत द्यायला लावू का? आणि बडोद्यात राहून हे होण्यासारखं आहे का? – एक आई, दांडिया बाजार, बडोदे

ताई,

मालिशचा मुद्दा आधी निकालात काढू. घरच्यांना एकदा थेरपीच्या खोलीत पाठवा आणि घाम कोण गाळतंय ते बघायला सांगा. दुसऱ्याने हातपाय हलवून दिले तर बाळ फारसं शिकत नाही, स्वतः धडपडलं तर शिकतं, याकडे अलीकडचं बरंचसं संशोधन बोट दाखवतं. म्हणून चांगली थेरपिस्ट खुळखुळा बाळाच्या हातापासून दोन बोटं लांब धरते आणि गप्प बसून राहते. एका बाजूचा हात कमी चालत असेल तर चांगल्या हातावर रोज थोडा वेळ मोजा चढवून कमी चालणाऱ्या हाताला काम देतात. आजीला ही छळवणूक वाटते. मालिश वाईट नाही, बाळ शांत झोपतं. पण त्याने मान धरणं लवकर येत नाही.

आता ‘मेंदूवर संशोधन’. या दोन शब्दांत तीन वेगळे पेशे दडलेत. तिला एमआरआय वाचायचा असेल, झटक्यांचं औषध लिहायचं असेल, तर एमबीबीएसला पर्याय नाही. त्यात साडेपाच वर्षं, मग बालरोगात एमडीची तीन आणि नवजात शिशू किंवा मेंदूविकारात डीएम या त्यावरच्या पदवीची आणखी तीन. तेच हवं असेल तर नीट जरूर परत देऊ द्या. मात्र ‘फिजिओ म्हणजे दुय्यम’ एवढ्याच कारणाने तिचं एक वर्ष घालवू नका. बाळाला हात लावून काम करायचं असेल तर फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमवून देणारी थेरपी). आणि बाळ कसं बघतं, ऐकतं, शिकतं याचंच कुतूहल असेल, उपचाराची ओढ नसेल, तर ह्यूमन डेव्हलपमेंट, मानसशास्त्र किंवा कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं काम करतं याचा अभ्यास. कोणती निवड बरोबर, हे तिच्या मार्कांपेक्षा तिला रडणाऱ्या बाळाबरोबर पाऊण तास बसवतं का, यावर जास्त ठरेल.

पण तिन्ही वाटांवर एक काम टळत नाही, ते म्हणजे मोजणं. ते तिला आवडतं का, हे आजच तपासता येईल, कारण उदाहरण घरातच आहे.

तुमच्या बहिणीचं बाळ सहा महिन्यांचं, म्हणजे २६ आठवड्यांचं. पण ते ४० ऐवजी ३० आठवड्यांत आलं, दहा आठवडे आधी. २६ उणे १० म्हणजे १६ आठवडे. हे त्याचं सुधारित वय, आणि दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत विकास याच वयाने बघायचा. सोळा आठवड्यांच्या बाळाकडून मान सावरण्याची अपेक्षा धरावी. आधाराने बसवून ‘शेजारचं बसतं, हे का नाही’ म्हणू नये. ही वजाबाकी विसरली की घरात उगाच घबराट होते. संशोधनात त्याहून वाईट होतं: लवकर जन्मलेली सगळी बाळं कागदावर मागे पडलेली दिसतात आणि सहा महिन्यांनी तीच बाळं ‘थेरपीने सुधारली’ असा खोटा निष्कर्ष निघतो. उलटी चूकही होते. वजाबाकीच्या आधारावर ‘अजून वेळ आहे’ म्हणत खरी अडचण लांबणीवर पडते.

ती लांबणीवर पडू नये म्हणून ज्या तपासण्या आल्या, त्यांतली एक तर केवळ बघण्याची आहे. ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रेख्टल यांनी दाखवलं की बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा पोत पाहून मेंदूचा अंदाज घेता येतो. सुधारित वयाच्या साधारण ९ ते २० आठवड्यांत निरोगी बाळाच्या मानेत, धडात, हातापायांत सतत बारीक, सर्व दिशांची चुळबुळ दिसते. ती अजिबात नसेल तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या अडचणीची, शक्यता बरीच वाढते. तपासणीला यंत्र लागत नाही, तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरतो. बाळ उताणं, जागं, शांत. अंगावर कमीत कमी कपडे. कॅमेरा वरून, हात, पाय, चेहरा सगळं चौकटीत. बिघडतं ते असं: आई प्रेमाने बोलायला लागते, बाळ तिच्याकडे वळतं आणि हालचाल बदलते. कुणी चोखणी देतं. बाळ रडायला लागतं आणि ‘चालेल, घ्या’ म्हणून तेच रेकॉर्ड होतं. असा व्हिडिओ टाकून द्यावा लागतो. वाचणाऱ्यालाही रीतसर प्रशिक्षण लागतं, आणि एकाच व्हिडिओवर दोन वाचणाऱ्यांचं मत जुळतं का, हे आकड्याने दाखवावं लागतं. याच्या जोडीला बाळाच्या मज्जासंस्थेची हॅमरस्मिथ तपासणी असते: २६ नोंदी, कमाल ७८ गुण, २ ते २४ महिन्यांसाठी. दोन्ही आणि एमआरआय मिळून पहिल्या पाच महिन्यांतच बऱ्यापैकी खात्रीचं निदान होऊ शकतं. नाहीतर ते वर्ष-दीड वर्ष रखडतं, आणि मेंदू सगळ्यात जास्त घडतो तो काळ हातचा जातो.

‘बडोद्यात राहून होईल का’ हे वाचून मात्र हसू आलं. प्रमिला फाटक यांनी याच गावात, सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात, बाळाची वाढ मोजणारी बेलीची परदेशी चाचणी घेऊन १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांचे मानदंड बसवले. अहवाल १९७० चा. त्यातून पुढे डीएएसआयआय ही मोजपट्टी आली, १९९७ मध्ये ती सुधारली: ६७ नोंदी हालचालींच्या, १६३ मानसिक वाढीच्या. बाळाची वाढ झटपट तपासायचा तिरुवनंतपुरमचा १७ नोंदींचा सुटसुटीत तक्ता बडोद्याच्या याच मानदंडांतून निवडलेला आहे. तो विभाग आज ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज नावाने फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस विद्याशाखेत आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘होम सायन्स’. घरच्यांनी त्या नावावर नाक मुरडायच्या आत हे सांगा की यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत होम सायन्स हा विषय आहे, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीसाठी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये मिळतात. कॉग्निटिव्ह सायन्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आयआयटी गांधीनगरला आहे.

इथल्या बाळांना इथेच मोजायचं कशाला, असं मुलीने विचारलं तर तिला हेलिक्स अभ्यास वाचायला द्या. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं शरीर ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर थंड ठेवलं तर मेंदूची हानी कमी होते, हे श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तोच उपचार तपासला. २०२१ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१ टक्के. असा निकाल उभा राहतो तो दीड वर्षाच्या सुमारास जगलेल्या प्रत्येक बाळाला शोधून, कोणता उपचार झाला हे माहीत नसलेल्या माणसाने तपासल्यावर. बाळं हातून निसटतात ती इथेच. बाळंतपण माहेरी, पत्ता सासरचा, फोन वडिलांचा आणि तो बदललेला. संशोधक व्हायचं असेल तर पहिल्या भेटीतच दोन पत्ते आणि तीन नंबर घ्यायची सवय लावावी लागते, सांख्यिकी नंतर.

फिजिओथेरपीचं ठरलं तर पदवीला इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षं, मग न्यूरो किंवा बालरोगातलं दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी. संशोधनाची पहिली खरी चव एमपीटीच्या प्रबंधात मिळते, आणि बहुतेकांचा तो प्रबंध वाया जातो. विषय पाचव्या महिन्यात ठरतो, एथिक्स कमिटीची मंजुरी लांबते, हातात चार महिने उरतात आणि बाळं मिळतात बारा. तिने पहिल्या तीन महिन्यांतच प्रश्न ठरवावा. उपचाराची चाचणी असेल तर पहिलं बाळ घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी, मागाहून होत नाही. २००९ च्या जूनपासून ती सक्तीची आहे.

नीटचा स्कोअर जपून ठेवा. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपी राष्ट्रीय आयोगाखाली आली, तेव्हापासून प्रवेशाचे नियम हलताहेत. कुणाच्या सांगण्यावर न जाता यंदाची प्रवेशपुस्तिका ओळ न ओळ वाचा. गावात सयाजी रुग्णालयाचं सरकारी कॉलेज आहे, वाघोडियाच्या बाजूला खाजगी विद्यापीठांची. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीवर भुलू नका. तीन गोष्टी विचारा: विद्यार्थी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, प्रत्यक्ष जातात का, काचेतून घरी गेलेल्या बाळांची वेगळी ओपीडी आठवड्यातून किती दिवस चालते, आणि इंटर्नना जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला, म्हणजे वाढीत अडचण असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राला, पाठवतात का. तिन्हींना उत्तर ‘पुढच्या वर्षीपासून’ असेल तर दुसरं कॉलेज बघा. लाल दिव्याची आणि करंटची यंत्रं कितीही चकचकीत असोत, बाळाच्या कामात त्यांचा उपयोग थोडा.

आणि मुलीला एक निरोप. मावशीच्या बाळावर तक्ते भरून बघायचा मोह होईल, तो आवर. निदान करणं तुझं काम नाही, आणि घाबरलेल्या आईसमोर भाचीचा अर्धवट आकडा फार जड होतो. त्यापेक्षा बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर जन्माचे आठवडे, जन्मतारीख आणि सुधारित वय ठळक लिहून दे. मावशीची हरकत नसेल तर वर सांगितल्यासारखा चार मिनिटांचा व्हिडिओ घे, कुठल्याही ग्रुपवर न टाकता डॉक्टरांना दाखव. बाळ आज सुधारित वयाने सोळा आठवड्यांचं आहे, त्यामुळे हे याच महिन्यात कर.