आगामेम्नॉन नसलेलं ‘आगामेम्नॉन’

या वेळी ग्रीक शोकांतिकांवरची पत्रं एकत्र घेतलीयत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, बाकीची पटकन उरकतो.

प्रश्न : आमचा नाटकं वाचणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, सध्या एस्किलसचं ‘आगामेम्नॉन’ वाचतोय. प्रस्तावनेत एक वाक्य सापडलं की 1518 साली हे पहिल्यांदा छापलं तेव्हा हे नाटक आणि त्याच्या पुढचं नाटक एकच समजून छापलं गेलं. हे लोक म्हणजे त्या काळचे ग्रीकचे मोठे जाणकार ना? मग एक नाटक संपून दुसरं सुरू झालं एवढंही कळू नये?

उत्तर : नाही कळलं खरं. पण त्यांच्या हातात काय होतं ते आधी बघा.

एस्किलसचं सगळ्यात महत्त्वाचं हस्तलिखित दहाव्या शतकातलं आहे, कॉन्स्टँटिनोपलमधून इटलीत आलेलं. जोव्हानी ऑरिस्पा नावाचा एक खटपट्या माणूस 1423 मध्ये तिकडून तब्बल 238 ग्रीक हस्तलिखितं घेऊन आला, हेही त्यानेच तिकडे मिळवलेलं, ते फ्लॉरेन्सला निक्कोलो निक्कोलीकडे गेलं आणि आजही फ्लॉरेन्समध्येच आहे. आता घोळ असा की या पोथीतली मधली पानंच गळालेली होती. ‘आगामेम्नॉन’च्या 1673 ओळींपैकी पहिल्या 310, मग एकदम 1067 ते 1159, आणि त्यानंतर काही नाही. वर पुढच्या नाटकाची, म्हणजे ‘कोएफोरी’ची, सुरुवात पण त्याच गळालेल्या पानांत गेली, म्हणजे नाव गेलं, पात्रांची यादी गेली, पहिल्या ओळी गेल्या. या पोथीच्या नकला झाल्या त्या पण अर्थात अशाच, आणि तशाच एका नकलेवरून व्हेनिसमध्ये छपाई झाली.

तर 1518 च्या पुस्तकात वाचकाला काय मिळतं बघा. राजा आगामेम्नॉनची बायको क्लायटेम्नेस्ट्रा ट्रॉय पडल्याची बातमी डोंगरा-डोंगरावर पेटवलेल्या आगींनी कशी आर्गोसपर्यंत पोचली ते सांगतेय, ज्वाळा शेवटच्या टेकडीवरून राजवाड्याच्या छपराकडे झेपावतेय आणि तिथेच भाषण तुटतं. पुढच्या ओळीत कॅसँड्रा, ट्रॉयहून कैद करून आणलेली राजकन्या, हजर. ती कोण, कधी आली, कोणाबरोबर आली, काही नाही. ती आपल्या लहानपणच्या नदीची आठवण काढून रडतेय, “तेव्हा मी तुझ्या काठी वाढले” असं म्हणते, आणि “आता मात्र...” येणार तेवढ्यात परत पान गायब, आणि आगामेम्नॉनचा मुलगा ओरेस्टिस बापाच्या थडग्यापाशी उभा राहून विचारतोय की काळे कपडे घातलेल्या या बायका कोण येतायत! म्हणजे राजाचं परत येणं, ते लाल गालिच्यासारखं वस्त्र अंथरणं, खून, खुनानंतरचं बायकोचं भाषण, सगळं गायब. ‘आगामेम्नॉन’ नावाच्या नाटकात आगामेम्नॉन स्टेजवर येतच नाही, डायरेक्ट त्याचं थडगंच.

संपादक होता फ्रान्चेस्को तोर्रेसानी, आल्डुस मानुटियस या प्रसिद्ध मुद्रकाचा मेहुणा. आल्डुस 1515 मध्येच गेला होता, त्याच्यासारखी विद्वान मंडळी गोळा करण्याची हातोटी याच्यात नव्हती आणि पुढच्या पिढ्यांनी या माणसाला भरपूर झोडपलंय. झोडपावं असं काम आहेच ते, पण माझं मत विचाराल तर त्यातलं निम्मं झोडपणं अन्यायाचं आहे. एस्किलसचं ग्रीक मुळातच इतकं गुंतागुंतीचं की धड पान पण अर्धवट समजतं, कोरस, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या समूहाची गाणी, तर अंधारातच, मग सांधा निखळलाय की कवीच असा आहे हे ठरवणार कसं? आणि ज्यांना कळलं त्यांनाही 34 वर्षं लागली. फ्रान्चेस्को रोबोर्तेल्लोने 1552 मध्ये व्हेनिसमध्येच दोन नाटकं वेगळी केली, एस्किलसची उरलेली नाटकं सहाची सात झाली. आणि ‘आगामेम्नॉन’ पूर्ण छापलं गेलं ते 1557 मध्ये, फ्लॉरेन्सच्या पिएरो व्हेत्तोरीने पूर्ण नाटक असलेलं दुसरं हस्तलिखित वापरलं आणि आंरी एस्तिएनने ते छापलं. मला विचाराल तर खरा प्रथम प्रकाशनाचा मान या आवृत्तीचा, 1518 चा नाही.

‘कोएफोरी’ची सुरुवात मात्र आजही पूर्ण मिळालेली नाही. छापील प्रतीत पहिल्या ज्या काही ओळी दिसतात त्यातल्या बऱ्याचशा अॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या विनोदी नाटकातून उचललेल्या आहेत, तिथे युरिपिडीस त्या एस्किलसकडून म्हणवून घेऊन त्याची खिल्ली उडवतो. थट्टेमुळे वाचलेल्या ओळी!

प्रश्न : मूळ लेखक दोन हजार वर्षांपूर्वी गेलेला, मग हस्तलिखितात चूक आहे हे हे लोक ठरवायचे कशावरून? का मनाला येईल तसं बदलायचे?

उत्तर : दोन्ही. मनाला येईल तसं बदलणारेही होते, पण चांगल्या लोकांकडे दोन पक्की हत्यारं होती.

एक म्हणजे उच्चार. मधल्या काळात ग्रीकमधले कितीतरी वेगवेगळे स्वर आणि जोडस्वर सगळे सरसकट ‘ई’ झाले, त्यामुळे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ हे दोन शब्द कानाला अगदी सारखे लागायला लागले. नक्कल करणारा ओळ मनात म्हणत लिहिणार, मग हातून कुठला ‘ई’ उतरेल याचा भरवसा नाही. हे एकदा माहीत असलं की अर्थ बिघडलेल्या ओळीत एक अक्षर बदलून बघायचं, अनेकदा लगेच सुटतं.

दुसरं म्हणजे वृत्त, आणि खरी गंमत इथे आहे. लघु-गुरूचा हिशोब ग्रीकमध्येही आहेच. संवादाची ओळ साधारण बारा अक्षरांची, ती मोजणं त्यामानाने सोपं. कोरसची गाणी मात्र जोडीजोडीने येतात, एका कडव्याला स्ट्रोफी म्हणतात आणि त्याच्या जोडीदाराला अँटिस्ट्रोफी, आणि दोघांचा लघु-गुरूचा साचा ओळीला ओळ जुळला पाहिजे. म्हणजे एका कडव्यात एखादं अक्षर कमी पडलं तर दुसरं कडवं चुगली करतं. थेस्सालोनिकीच्या देमेत्रियस त्रिक्लिनियसने हे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. पण छापील पुस्तकात तिन्ही नाटककारांना ही शिस्त लावली ती व्हिलेम कांटरने. उत्रेख्तचा हा माणूस, अँटवर्पला प्लांटिनच्या छापखान्यात त्याचा युरिपिडीस 1571 मध्ये निघाला, सोफोक्लिस 1579 आणि एस्किलस 1580 मध्ये. कुठलं कडवं कुठल्याशी जुळतं हे त्याने खुणा करून दाखवलं. शेवटची दोन पुस्तकं त्याने बघितलीच नाहीत, 1575 मध्ये वारला, पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. आल्डुसचं नाव सगळीकडे घेतात आणि कांटरचं कोणी घेत नाही याचा मला फार राग येतो.

वृत्ताच्या नादात घोळही झालेत. त्रिक्लिनियस वृत्त बसत नाही म्हणून बिनधास्त शब्द घालायचा-काढायचा. आड्रिआं तुर्नेबने 1553 मध्ये पॅरिसमध्ये सोफोक्लिस काढला तो या त्रिक्लिनियसने ‘सुधारलेल्या’ पाठावरून, आणि तो इतका मान्य झाला की दोनशेहून जास्त वर्षं जग तोच वाचत बसलं. 1786 मध्ये ब्रुंक नावाच्या संपादकाने तो बाजूला सारला आणि परत जुना, म्हणजे आल्डुसच्या 1502 च्या आवृत्तीतला पाठ जवळ केला. सगळ्यात आधीचं पुस्तक नंतरच्यापेक्षा बरं निघालं, असंही होतं.

प्रश्न : युरिपिडीसची नाटकं बाकी दोघांपेक्षा इतकी जास्त कशी उरली? तो जास्त लोकप्रिय होता म्हणून?

उत्तर : लोकप्रिय होताच, पण अर्धं श्रेय नशिबाचं. शाळेत शिकवायला निवडलेली त्याची दहा नाटकं टीपांसकट टिकली. आणखी नऊ आहेत ती कुठल्याशा जुन्या, वर्णानुक्रमे लावलेल्या समग्र संचाचा एक तुकडा वाचला म्हणून, नावं बघा, हेलन, इलेक्ट्रा, हेराक्लिस, आयॉन, सायक्लॉप्स, ग्रीक वर्णमालेतली मधली चार-पाच अक्षरं फक्त! ही नऊ चौदाव्या शतकातल्या दोनच हस्तलिखितांत आहेत, आणि एक दुसऱ्याची नक्कल आहे का यावर विद्वान कितीतरी वर्षं भांडले. निकाल लागला तो विसाव्या शतकात, गुंथर झुंट्सने फ्लॉरेन्समध्ये मूळ पोथी तपासली तेव्हा. एका प्रतीत ‘हेलन’मध्ये विनाकारण एक विरामचिन्ह होतं, आणि दुसरीत त्याच जागी कागदाला गवताची बारीकशी काडी चिकटलेली. नक्कल करणाऱ्याने काडीलाच विरामचिन्ह समजून उतरवलं होतं. वाद खलास.

आल्डुसच्या 1503 च्या युरिपिडीसची पण गंमत आहे, मुखपृष्ठावर सतरा नाटकं म्हटलंय आणि आत आहेत अठरा. ‘हेराक्लिस’ उशिरा हाती लागलं, शेवटी जोडून दिलं, मुखपृष्ठ तसंच राहिलं. ‘इलेक्ट्रा’ तरीही राहिलंच, ते व्हेत्तोरीने 1545 मध्ये रोमला छापलं.

प्रश्न : मग ही नाटकं तेव्हा कोणी करत होतं की नुसती पुस्तकातच?

उत्तर : बहुतेक पुस्तकातच, आणि तीही लॅटिनमधून. इरॅस्मस या डच विद्वानाने युरिपिडीसची दोन नाटकं लॅटिनमध्ये केली, पॅरिसला 1506 मध्ये छापली, लगेच पुढच्या वर्षी आल्डुसने परत छापली, आणि ग्रीक न येणाऱ्यांनी तीच वाचली. स्टेजवरचा मोठा प्रयोग म्हणजे 1585 चा ‘राजा ईडिपस’, व्हिचेंझाच्या तेआत्रो ओलिंपिकोच्या उद्घाटनाला, इटालियन भाषांतरात, कोरसला संगीत आंद्रेआ गाब्रिएलीचं. ते थिएटर अजून उभं आहे.

प्रश्न : ते फ्लॉरेन्सचं जुनं हस्तलिखित सामान्य माणसाला बघता येतं का?

उत्तर : तिकडे जायची गरजच नाही. लॉरेन्शियन लायब्ररीने ते स्कॅन करून ऑनलाइन टाकलंय, क्रमांक प्लुटेउस 32.9, फुकट आहे. एस्किलसबरोबर सोफोक्लिस आणि अपोलोनियस हा कवीही त्याच पोथीत आहेत त्यामुळे पानं चाळावी लागतील. लिपी वाचता आली नाही तरी समासात दाटीवाटीने भरलेल्या टीपा बघा, आणि ‘आगामेम्नॉन’ कुठे तुटतं ते शोधायचं असेल तर छापील प्रत शेजारी घेऊन ओळ 310 पासून बसा.