जुन्या इटालियन चित्रांत सोनं कसं लावत, आणि त्यातले चेहरे हिरवट का दिसतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत: ड्युच्चो, सिमोने मार्तिनी या इ.स. १३००च्या आसपासच्या इटालियन चित्रकारांच्या काळातल्या फळीवरच्या चित्रांत मेरीचा चेहरा हिरवट का दिसतो, आणि तशी सोनेरी पार्श्वभूमी असलेलं छोटं चित्र घरी करायचं झालं तर कसं करायचं. ही चित्रं थरांवर थर चढवून केलेली असतात. हे एकदा डोक्यात बसलं की दोन्ही प्रश्न सुटतात.

आधी हिरव्याबद्दल. त्वचेच्या जागी चित्रकार सर्वांत खाली हिरवी माती आणि शिशाचा सफेदा मिसळून दोन हात देत असे. त्यावर मातकट गडद रंगाने सावल्या आणि मग तीन छटांमध्ये गुलाबी. खालचं हिरवं पूर्ण झाकायचं नसे. उजेडाकडून सावलीकडे जाताना ते किंचित झिरपलं की गाल, हनुवटी गोलाईत येते आणि शेजारचा गुलाबी जिवंत वाटतो. गुलाबी थर मुळातच पातळ, त्यात शिशाचा सफेदा वयानुसार पारदर्शक होत जातो. शिवाय नंतरच्या शतकांत साफसफाई करणाऱ्यांनी चेहरे घासघासून पुसले. त्यामुळे आज आपल्याला दिसतो तो बराचसा पाया. हा पाया उघडा बघायचा असेल तर लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं मायकेलअँजेलोचं अपुरं राहिलेलं ‘मँचेस्टर मॅडोना’ बघा. त्यात डावीकडच्या दोन देवदूतांची त्वचा निव्वळ हिरव्या थरावरच थांबली आहे.

इ.स. १४००च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने हे सगळं तंत्र लिहून ठेवलं, आणि पुढची कृती बरीचशी त्याच्याच क्रमाने जाते. मृत माणसाचा चेहरा रंगवताना गुलाबी लावूच नये, असंही तो बजावतो.

आता कृती. इटलीत पॉप्लरची फळी वापरत. आपल्याकडे सागवान हाताशी असतं, पण ते तेलकट असल्यामुळे त्यावर सरस नीट धरत नाही. पहिल्या चित्रासाठी १२ मिमीचा चांगला प्लाय घ्या, वीतभर आकाराचा पुरे. कातडीचा सरस ७० ग्रॅमला १ लिटर पाणी या प्रमाणात रात्रभर भिजवा आणि सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवा. उकळू मात्र देऊ नका; उकळी आली की त्याची पकड जाते. या सरसाचा एक हात फळीला पुढून, मागून आणि कडांना द्या. एकाच बाजूला दिलात तर सरस वाळताना आकसतो आणि फळी वाकते. मग जुनं, धुऊन मऊ झालेलं तागाचं किंवा सुती कापड सरसात बुडवून पुढच्या बाजूला चिकटवा. लाकूड हललं तरी वरच्या थराला तडे जाऊ नयेत म्हणून हे कापड असतं.

त्यावर पांढरा लेप, म्हणजे जेसो. इटलीत तो जिप्समचा करत, आल्प्सच्या उत्तरेला खडूचा. चेन्निनीच्या पद्धतीत प्लास्टर महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायचं, म्हणजे त्याचा घट्ट होण्याचा गुण मरतो. म्हणूनच प्लास्टर ऑफ पॅरिस थेट सरसात घालू नका, भांड्यातच दगड होईल. त्याऐवजी खडूची बारीक पूड, म्हणजे व्हायटिंग, घ्या. १ वाटी कोमट सरसाला साधारण दीड वाटी पूड चाळणीने वरून भुरभुरवा, आपोआप बुडू द्या आणि मगच हलक्या हाताने हलवा. जोरात घुसळलंत तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. वर्ख लावल्यावर ती सगळी दिसतात. पहिला हात बोटांनी चोळून लावा, बाकीचे ब्रशने, एक उभा तर पुढचा आडवा. मागच्या हातावरची ओली चकाकी गेली की लगेच पुढचा द्या. किमान ८ हात हवेत. वरच्या हातांत सरस खालच्यापेक्षा जास्त झाला की वरचा थर खालच्याला ओढतो, तडे जातात किंवा पापुद्रे सुटतात. त्यामुळे सगळे हात एकाच भांड्यातले ठेवा आणि दाट झालं तर थोडं पाणी घाला. शेवटी घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत पृष्ठभाग आला पाहिजे. लोक कंटाळतात ते इथेच, पण सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो याच टप्प्याला असं माझं ठाम मत आहे. वर्ख खालचा एकही ओरखडा लपवत नाही.

चित्राचं रेखाटन आता करायचं, आणि आकृतीची जी कड सोन्याला भिडते ती सुईने कोरून घ्यायची. रंगाच्या आधी सोनं लागतं, त्यामुळे ही कोरलेली रेघ नसेल तर वर्खाखाली आकृती कुठे सुरू होते ते सापडत नाही. जुन्या चित्रांत प्रकाश बाजूने पडला की ही रेघ आजही दिसते.

सोन्याच्या जागी बोल, म्हणजे तांबडी, अतिशय बारीक चिकणमाती, अंड्याच्या फेटून निवळलेल्या पांढऱ्यात पातळ करून ४ हात द्या. वाळल्यावर कापडाने घासून चमक आणा. जुन्या चित्रांत सोनं झिजलेल्या जागी जो तांबूस रंग दिसतो तो हाच. वर्ख २२ कॅरट किंवा वरचा घ्या. पितळी नकली वर्खाला घोटून खरी झळाळी येत नाही आणि तो काळवंडतो, मिठाईवरचा चांदीचा वर्खही काळा पडतो. बोलवर पाण्याचा हात फिरवून ओल असतानाच वर्ख टेकवा, प्रत्येक पान शेजारच्यावर थोडं चढलेलं. चेन्निनी सांगतो की सोनार एका डुकाटातून, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्यातून, १४५ पानं काढतात, पण सपाट पार्श्वभूमीसाठी १००च काढायला सांगावीत, म्हणजे पान जाड राहतं.

काही तासांनी अकीकाच्या दगडाने घोटायचं. वेळ ओळखण्याची युक्ती अशी: दगडाने हलकेच टकटक करा. बद्द आवाज आला तर आत ओल आहे, घोटलंत तर सोनं फाटेल. टणक आवाज आला की लगेच सुरू करा. फार उशीर झाला तर झळाळी येत नाही. चेन्निनीही या कामाला दमट हवा पसंत करतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ही वेळ फार लवकर निघून जाते, तर मुंबईच्या पावसात सरसाला बुरशी धरते. त्यामुळे आपल्याकडे पावसाळा सरल्यावरचे महिने बरे.

घोटल्यावर ठसे. धातूचा ठसा दाबून प्रभामंडळात ठिपके, फुलं उमटवायची. सोनं फाडायचं नाही, खालचा जेसो फक्त दबला पाहिजे. सिमोने मार्तिनी आणि लिप्पो मेम्मी यांचं १३३३ सालचं ‘अनन्सिएशन’ (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो तो प्रसंग) फ्लॉरेन्सच्या उफ्फी संग्रहालयात आहे. त्यात सपाट घोटलेलं सोनं आरशासारखं एका कोनातून उजळ आणि दुसऱ्यातून काळसर दिसतं, ठशांचे खळगे मात्र कुठूनही लुकलुकतात. ही चित्रं मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडासाठी होती, संग्रहालयातल्या स्थिर दिव्यात त्यांचा निम्मा परिणाम जातो.

रंगासाठी बलक. पांढरा पूर्ण काढून बलक तळहातावर फिरवून कोरडा करा, पडद्याला चिमटीत धरून टोचा आणि आतला द्रव वाटीत सोडा. तेवढंच पाणी घाला. पाण्यात खललेला रंग आणि हा बलक साधारण समसमान घ्या. काचेवर एक फराटा मारून वाळू द्या आणि पात्याने खरवडा: सलग पापुद्रा सुटला तर प्रमाण बरोबर, पूड झाली तर बलक कमी, मऊ चिकट राहिलं तर जास्त. चेन्निनी तरुण चेहऱ्यांना शहरी कोंबडीचा फिका बलक आणि वृद्धांना गावाकडचा लालसर वापरायला सांगतो, पण बलकाचा पिवळेपणा उजेडात लवकर उडतो, त्यामुळे गावठी की पोल्ट्रीचं याची फार काळजी करू नका. टिकण्यासाठी व्हिनेगर घालत असाल तर निळा अल्ट्रामरीन त्यापासून दूर ठेवा, आम्लाने तो मरतो. शिशाचा सफेदा विषारी असतो, टायटॅनियम पांढरा घ्या. तो जास्त झाकतो म्हणून फार पातळ लावा.

बलकात कालवलेला हा रंग, म्हणजे टेम्परा, क्षणात वाळतो, तेलरंगासारखा जागेवर मिसळता येत नाही. म्हणून बारीक ब्रशच्या, जवळजवळ कोरड्या, समांतर रेघांनी छटा जुळवायच्या. आधी कपडे आणि इमारती, चेहरे सर्वांत शेवटी.

बलक पूर्ण कडक व्हायला अनेक महिने लागतात, चेन्निनी वर्षभर थांबायला सांगतो. तोवर वार्निश नको, आणि नंतरही घोटलेल्या सोन्यावर ते जाऊ देऊ नका, झळाळी मंदावते.