समाजकार्यात येताय? सुरुवातीला एवढं बघा

बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करा की थेट एमएसडब्ल्यू (पदव्युत्तर पदवी), कॉलेजच्या नावाआधी तिथलं क्षेत्रकार्य तपासा. प्रत्यक्ष लोकांमध्ये किती वेळ असाल आणि तुमच्या नोंदी वाचून दर आठवड्याला तुमच्याशी कोण बोलेल, हे विचारा. चांगला पर्यवेक्षक मिळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

क्षेत्र लगेच पक्कं करू नका. रुग्णालयात, घरी सोडायच्या रुग्णाची पुढची सोय संध्याकाळपर्यंत लावावी लागते, वस्तीत विश्वास बसायलाच महिने जातात. कुठला वेग मानवतो ते काम केल्यावरच कळतं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उपाय सुचवणं.
- ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देणं. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागतं. म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, सोप्या शब्दांत सांगा.
- स्वतःच्या खिशातून पैसे देणं. मन राहवत नाही, मान्य आहे. पण त्याने नातं बदलतं. संस्थेची मदत मिळवून द्या.
- नोंदी उद्यावर टाकणं.

बढतीची घाई नको. पद वाढलं की अहवाल, निधी, सहकाऱ्यांची जबाबदारी वाढते आणि लोकांशी थेट काम कमी होतं, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं थेट कामातच घालवा. धोरण, संशोधन, स्वतःची संस्था हे विषय तोवर बाजूला ठेवा.

आणि मुलाखतीत पगार, सुट्ट्या, एकावेळी किती केसेस हे न लाजता विचारा. सेवाभाव आहे म्हणून हे प्रश्न गैर ठरत नाहीत.