मराठी मजकूर लेफ्ट ठेवावा की जस्टिफाय करावा?

एम. ए.चा प्रकल्प अहवाल वर्डमध्ये टाइप करताय आणि मैत्रीण म्हणते, 'जस्टिफाय केल्याशिवाय नीटनेटकं दिसत नाही.' (लेफ्ट म्हणजे ओळी फक्त डाव्या कडेला सरळ; जस्टिफाय म्हणजे शब्दांमधली जागा ताणून दोन्ही कडांना सरळ.) हेच वाक्य मी डीटीपीच्या दुकानात अकरा वर्षं ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आमच्याकडे आली होती. ए-फोर पान, तीन कॉलम. मी सगळा मजकूर लेफ्ट लावला. मालकांनी उजवीकडची वरखाली कड पाहिली, 'हे काय अर्धवट काम?' म्हणाले आणि कंट्रोल ए, कंट्रोल जे दाबून सगळंच जस्टिफाय करून मोकळे झाले. मी सांगून पाहिलं. अरुंद कॉलममध्ये ओळीला जेमतेम तीन-चार शब्द बसतात. त्यात आपले प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द खाली गेला की वरच्या दोन शब्दांमध्ये भलंमोठं भगदाड पडतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार, अशा वेळी शब्द तोडायचा, हातानं स्पेस कमीजास्त करायचा. आमच्या दुकानात तेवढा वेळ कोण देणार?

भगदाडं एक वेळ चालली असती. शेवटच्या पानावर दिवंगत शिक्षकांची नावं होती, शिफ्ट-एंटर देऊन एकाखाली एक घेतलेली. शिफ्ट-एंटरनं नुसती ओळ बदलते, परिच्छेद संपत नाही, त्यामुळे जस्टिफाय केल्यावर वर्ड ती ओळ दोन्ही कडांपर्यंत ताणतो. नाव डाव्या कडेला, आडनाव पार उजव्या कडेला. आणि १,००० प्रती छापून झालेल्या. त्यातल्या एका सरांच्या पत्नी अंक घेऊन दुकानात आल्या. नावावर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, "बाळ, ह्यांचं नाव असं तुटकं का गं छापलंय?" मालक आत होते, बाहेर आले नाहीत. माफी मी मागितली.

'छापील पुस्तकात सगळं सरळच असतं' हा मालकांचा ठरलेला मुद्दा. अहो, पुस्तकाच्या ओळीत आठ-दहा शब्द असतात! उरलेली जागा त्यांच्यात वाटली जाते, डोळ्याला कळत नाही. कॉलमला पुस्तकाचा नियम लावणं चूकच होतं, आजही माझं तेच म्हणणं आहे.

बाकी शीर्षक सेंटर, रुपयांचे आकडे राइट, कविता लेफ्ट. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

हां, विद्यापीठाच्या नियमावलीत जस्टिफाय म्हटलं असेल तर मुख्य मजकूर तसाच करा. पानभर रुंदीच्या ओळीला ते शोभतंही. पण तक्त्यांमधले रकाने आणि संदर्भसूचीतले लांबलचक वेब-पत्ते लेफ्टच ठेवा. आणि ऋणनिर्देशात नावं एकाखाली एक देणार असाल तर प्रत्येक नावानंतर नुसता एंटर द्या. शिफ्ट-एंटर आधीच दिला असेल तर त्याच्या अलीकडे एक टॅब मारा, मग नाव ताणलं जात नाही.