मॉरिशसला निघण्याआधी रेघ ओढ

प्रिय मुली,

तुझा निरोप दोनदा वाचला. मॉरिशसमध्ये एबेनला तीन दिवस बैठका, मग शनिवार-रविवार, सोबत आई. आणि ज्यांच्याशी करार व्हायचाय तेच पूर्व किनाऱ्यावरचा बंगला आणि बोटीची सफर देऊ करताहेत. घेऊ का, असं विचारतेस. नको घेऊस. काम आणि सुट्टी यांच्यामध्ये रेघ ओढ. तारखांची, मुक्कामाची आणि मुख्य म्हणजे पैशांची.

बैठकांचे तीन दिवस एबेनलाच राहा. समुद्राकाठी राहून रोज ये-जा करायचा बेत सोड. राजधानी पोर्ट लुईत काम निघालं तर मेट्रो आहे, आपल्या लार्सन अँड टुब्रोनेच बांधलेली. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पुण्यात साडेनऊला ऑफिस भरलं की तुझ्याकडे आठ वाजलेले असतील. पुण्याचे फोन तुझ्या न्याहारीत घुसतील. तीन दिवस घुसू देत. शनिवारी मात्र एकही उचलू नकोस. रेघ दोन्ही बाजूंनी पाळायची असते गं, हेच तुम्ही मुलं विसरता! कामात सुट्टी चोरायची नाही म्हणता आणि सुट्टीत लॅपटॉप उघडून बसता.

शुक्रवार रात्रीपासूनचं हॉटेल तुझ्या खिशातून. परतीचं तिकीट पुढे ढकलल्याने भाडं वाढलं तर वरची रक्कमही तुझीच. साहेबांना हे निघण्याआधी लेखी कळव. प्लेझान्सच्या विमानतळावर विचारलं तर बैठकांसाठी आलेय हे सरळ सांग, पत्र जवळ ठेव. कंपनीचा विमा शनिवार-रविवारी चालतो का, तेही विचार.

मी अशीच एक बोट नाकारली होती. यजमान दुखावले, काम दुसऱ्याकडे गेलं, आमच्याच लोकांनी मला शिष्ट ठरवलं. त्या गृहस्थांशी पुढे कधीच मोकळं बोलणं झालं नाही, याची हळहळ आजही आहे. कामाची नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन भाड्याच्या साध्या बोटीतून त्याच पाण्यावर गेलो, आमच्या पैशांनी. कोणाच्या उपकाराखाली नव्हतो, म्हणून ते पाणी डोळे भरून पाहता आलं. लोक म्हणतात एवढं ताणायची गरज नव्हती. होती. करारातली किंमत घासायला बसल्यावर समोरच्याच्या बंगल्यातली चादर आठवत असेल, तर तू काय घासणार?

तसंही ऑगस्टात पूर्व किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा झोंबतो. तिथला तो हिवाळा. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकजवळ उतरा. सूर्यास्त समोर दिसतो आणि आईला थंडी कमी लागेल. जवळच कास्काव्हेल, मराठी मंडळींचं जुनं गाव. कोकणातून गेलेल्यांच्या पणतवंडांनी तिथे झाकरी, म्हणजे गाण्याच्या तालावरचा लोकनाच, जपलीय. आईला तिथे ने, घाई करू नकोस. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा बैठकांच्या तारखा पंचांगाशीही ताडून पाहा.

आणि पोर्ट लुईतला आप्रवासी घाट. १८३४ पासून जवळपास पाच लाख मजूर हिंदुस्थानातून करारावर या बेटावर आले. घाटाच्या पायऱ्या चढून ऊसमळ्यांत पांगले. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. दोन बैठकांच्या फटीत टॅक्सी थांबवून फोटो काढायची ही जागा नव्हे. शनिवारी सकाळी आईसोबत जा, उघडण्याची वेळ आधी विचारून घे. करार करायला गेलेल्या माणसाने, करारावर अंगठा उठवून आलेल्या माणसांसाठी एक सकाळ द्यावी, तीही स्वतःच्या सुट्टीतली.

बंगल्याला नकार आजच कळव, ऐन वेळी नको. ‘मुक्कामाची सोय आमची आम्ही केली आहे, बैठकीला भेटूच’ एवढंच पुरे. कारणं देत बसू नकोस. एका संध्याकाळी तूच त्यांना जेवायला बोलाव, बिल तुझ्या कंपनीचं. ते बैठकांच्या दिवसांत बसतं, रेघेच्या अलीकडे. नकाराचा मसुदा मला आधी दाखव.

तुझा,
काका