धुवारीतल्या फोटोंबद्दल

प्रिय दोस्ता,

धुवारीतले, म्हणजे धुक्यातले, फोटो काढायला पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटचं बुकिंग करतोयस म्हणे. वाघासाठी जरूर जा, धुक्यासाठी नको. बुकिंग आधीच ठरल्या तारखेचं असतं आणि धुकं काही तारीख पाहून पडत नाही. त्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी येतो. नुकताच पाऊस होऊन गेलाय, आभाळ निरभ्र झालंय, वारा पडलाय, अशा रात्री जमीन लवकर निवते आणि लगतच्या हवेतली वाफ थेंब होते. आभाळ भरलेलं असेल तर खुशाल झोप. म्हणून म्हणतो, आपल्या नागपुरातलाच अंबाझरी किंवा गोरेवाड्याचा तलाव धर. धुकं नाहीच पडलं तर चहा पिऊन परत. (तुरीवाले मात्र याच धुवारीला शिव्या घालतात, फुलोरा गळतो त्यांचा. त्यांच्यासमोर फार हरखू नकोस.)

तिथे बगळ्याच्या मागे लागू नकोस. पांढऱ्यावर पांढरा, हाती काही लागत नाही. पाणकावळा शोध. वठलेल्या बाभळीवर बसलेला, चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. मागची फांदी त्याच्या मानेला चिकटली की फोटो गेलाच. दोन पावलं सरक, मान सुटी होते. नुसत्या लांब लेन्सवर भिस्त ठेवू नकोस. ४०० मिमीने पक्षी मोठा दिसतो, मधलं धुकं तेवढंच राहतं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला फसतो आणि सगळं राखाडी करून ठेवतो. एक्सपोजर +१ च्या आसपास ने. ऑटोफोकस भिरभिरत राहिला तर एकच पॉइंट ठेव आणि तो पक्ष्याच्या गडद कडेवर टेकव. तरीही नाही जमलं तर सरळ हाताने फोकस कर. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, एकाच जागी गोळा झालेला दिसेल, तसाच राहू दे. घरी येऊन संगणकावर धुकं पुसणारं डीहेझ फिरवणाऱ्यांचं मला कळत नाही. मग उन्हातच काढायचा होता की!

खरी वेळ सूर्य वर आल्यावरची, धुकं विरायला लागतं तेव्हाची. तेव्हा नेमके बरेच जण कॅमेरा आवरतात. तू थांब. सूर्य समोर घे, थोडा झाडाआड. थेंबांतून जाणारा उजेड बहुतेक पुढेच फेकला जातो, म्हणून समोरचं धुकं झळाळतं. सूर्य पाठीशी घेतलास तर तेच धुकं सपाट दिसतं.

घरी आलास की बॅग लगेच उघडू नकोस, गार लेन्सवर घरातल्या हवेतली वाफ बसते. तोवर तर्री-पोहे खाऊन घे. मग फोटो पाठव, पण रॉ फाइल, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ. रंगवलेली नको.

तुझा,
काका