आई-बाबांचा घटस्फोट आणि तुझ्या वाट्याचा हिशेब

प्रिय,

आई-बाबांचं टिकलं नाही म्हणून तुझंही कुठलं नातं टिकणार नाही, अशी सरळ रेघ मारू नकोस. रॉबर्ट एमरी आणि लिसा लौमन-बिलिंग्स या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली अशा घरांतल्या कॉलेजवयीन मुलांचा अभ्यास मांडला. बालपण इतरांपेक्षा खडतर गेलं, वडिलांचं आपल्यावर खरंच प्रेम आहे का, अशा सली त्यांच्या मनात होत्या. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे दुखणं राहतं, पण माणूस मोडलेलाच असतो असं नाही.

आता कागदावर तीन रकाने आखून घे: घटस्फोटाआधीचं, घटस्फोटामुळे बदललेलं, नंतर सुरू झालेलं. रात्रीची भांडणं पहिल्यात. घर, शाळा, पैसा दुसऱ्यात. एकाचे निरोप दुसऱ्याला पोचवणं, एकाकडे आनंदात राहिलं की दुसऱ्याबद्दल अपराधी वाटणं, हे तिसऱ्यात. बहुतेक जण सगळं दुसऱ्यात कोंबतात. घरात उघड भांडणं नसतील तर पहिला रकाना रिकामा राहील; अशा मुलांना घटस्फोट जास्त अनपेक्षित असतो आणि अनेकदा जास्त जड जातो, हे समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो यांच्या संशोधनातही दिसतं.

तिसरा रकाना आजही बदलता येतो. निरोप आला की एकच वाक्य: "हे तुम्ही थेट आईलाच विचारा." सुरुवातीला बाबा दुखावतील, कदाचित तुला आईच्या बाजूचं ठरवतील. तरी खुलासे देऊ नकोस. खुलासा दिला की वाद तुझ्याशी सुरू होतो.

जुनं विचारायचंच असेल तर दोघांना वेगवेगळं गाठ. "का सोडलंत?" विचारलंस तर वकिली ऐकायला मिळेल. "वेगळं व्हायचं कधी ठरलं? मला आधी का नाही सांगितलं?" एवढंच विचार. मिळालेलं उत्तर दुसऱ्याकडे तपासायला नेऊ नकोस. दोन्ही हकिगती जुळणार नाहीत, आणि जुळायलाच हव्यात असंही नाही.

तुझ्या स्वतःच्या नात्यात खरी अडचण बहुधा भांडणानंतरच्या शांततेची असते. समोरचा गप्प झाला की तुला वाटतं, संपलं. मग आपणच आधी निघून जावं. त्याऐवजी वेळ सांगून थांब: "अर्ध्या तासाने बोलू." आणि अर्ध्या तासाने खरंच बोल, नाहीतर ही युक्ती पुढच्या वेळी चालणार नाही.

झोप किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून जास्त बिघडला असेल तर कागद बाजूला ठेव आणि समुपदेशकाची वेळ घे. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नकोस.

तुझी,
ताई